औषधाच्या खिडकीवरून

“मी? औषधाच्या खिडकीवरून?”

रुग्णालयाच्या संगणक विभागात ती एकटीच ओरडली. नोंद सांगत होती, आत्ताच तिच्या नावाने, तिच्याच पासवर्डने कुणीतरी औषधाच्या खिडकीवरच्या मशीनवरून आत शिरलंय. आणि ही तर इथे, आपल्या खुर्चीत!

पासवर्ड कुणी चोरला? संशय घेण्यात तिचा हात कोण धरणार! घरी दूध उतू गेलं तरी ही आधी गॅस कुणी मोठा केला ते विचारायची. नवरा म्हणायचा, “फौजदारीणबाई, आधी गॅस तर बंद करा!”

तेवढ्यात तिला खिडकीवरचे काका आठवले. मागे डॉक्टरांच्या पासवर्डने कुणीतरी एका पेशंटचा रिपोर्ट उघडून गावभर केला होता, आणि नोंदीत मशीन निघालं ते काकांचं. औषधं देता देता म्हातारे झालेले काका तिच्यासमोर उभे राहून म्हणाले होते, “पोरी, मी नाही गं उघडला.”

“मशीन खोटं बोलत नाही, काका.”

सापडला तो चोर. काकांना घरी बसवलं.

काका तर घरी, मग आज त्याच मशीनवरून कोण? की नोंदच चुकतेय? तिने घाईघाईने कोड उघडला. पासवर्ड तपासणारा तो तुकडा तिनेच लिहिलेला. दारावरच्या रखवालदारासारखा. त्याच्या हातात नाव आणि पासवर्ड पडायचा, पण माणूस कुठल्या मशीनवरून आला ते त्याला कुणी सांगायचंच नाही. हे हिला कसं चालावं? म्हणून हिने एक जागा केली होती. कुठल्याही मशीनकडून विनंती आली की त्याचा पत्ता तिथे टाकायचा, रखवालदाराने तिथून उचलून नोंदीत लिहायचा. पण जागा एकच, सगळ्यांत मिळून! दोघं एकदम आले की दुसऱ्याचा पत्ता पहिल्याच्या नावावर. ही आत शिरली त्याच क्षणी खिडकीवरचा नवा माणूस मशीनवर गोळ्यांचा साठा बघत होता, एवढंच.

तिने मुद्दाम दोन मशीन एकदम चालवून पाहिली. दोनचार खेपांत पत्ते बदलले. ती तशीच उठून साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

“मग रिपोर्ट उघडला कोणी?” साहेबांनी विचारलं.

“ते आता कळायचं नाही. खरा पत्ता माझ्याच कोडने पुसला. पण काकांवर आळ घेण्यासारखं काहीच नाही, साहेब. आजच बोलवा त्यांना.”

प्रत्येक विनंतीचा पत्ता त्या विनंतीजवळच राहील अशी सोय तिने त्याच दिवशी केली.

दुसऱ्या दिवशी काका आले. ती खिडकीपाशी गेली. “काका, चूक माझी होती. तुमचं ऐकायला हवं होतं मी.”

“असू दे गं. नजर ठेवणं तुझं कामच आहे.”

त्यांनी खुर्ची पुसली. मग दोन्ही हातांनी मशीनचा पडदा उचलून बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे वळवून ठेवला.

“अहो काका, तुम्हाला कसं दिसणार?”

“मला वाकून दिसतं. बाकीच्यांना सरळ दिसू दे,” काका म्हणाले आणि पहिल्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घ्यायला त्यांनी हात पुढे केला.