न उसळणारा चेंडू

मित्रांनो, मला चेंडू म्हणतात खरे, पण जमिनीवर आपटून पाहिलेत तर मी उसळणार नाही. धप्प असा आवाज करून तिथेच बसून राहीन. मी एक जुना मेडिसिन बॉल आहे. माझ्या पोटात हवा नाही, कापूस आणि चिंध्या ठासून भरल्या आहेत. वरून जाड तपकिरी कातडे, आणि वजन चार किलोच्या आसपास. नावात मेडिसिन असले तरी औषधाच्या दुकानाशी माझा काही संबंध नाही. माझे सारे आयुष्य न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या जिममध्ये गेले. आयसेलिनला ओक ट्री रोडवर आज साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने आहेत ना, तिथून गाडीने दहा मिनिटांवर ती विटांची इमारत आहे.

माझा जन्म १९४२ सालचा. तेव्हा मोठे युद्ध चालू होते. सगळे रबर सैन्याकडे जात असे, त्यामुळे शाळांना हवेचे चेंडू मिळेनासे झाले होते. मला रबराची गरज नव्हती. एका कारखान्यात एका बाईने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवले आणि माझ्यासारख्या अकरा भावंडांबरोबर मी या जिममध्ये आलो. आता त्यांतला मी एकटाच उरलो आहे.

सैन्यात भरती व्हायला आलेल्या कितीतरी तरुणांना धड भिंत चढता येत नाही, हे तेव्हा लोकांच्या लक्षात आले होते. म्हणून शाळेत व्यायामाचा तास रोज सुरू झाला. शिकवणारे सर मात्र स्वतःच नौदलात निघून गेले. मग मुलींना शिकवणाऱ्या मिस प्रेंटिस यांच्याकडे मुलांचेही वर्ग आले. त्या उंचीने लहान होत्या आणि त्यांचा आवाज घोगरा होता. त्या वर्गात वॉल्टर कोवाक्स नावाचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील वीटभट्टीवर कामाला होते. तास संपला की इतर मुले मला जिथल्या तिथे टाकून पळत. वॉल्टर मला शर्टाच्या बाहीने पुसून फळीवर ठेवायचा. १९४३च्या जूनमध्ये तो युद्धावर गेला. त्या उन्हाळ्यानंतर व्यायामाच्या तासाला उभी राहणारी मुलांची रांग पुष्कळ आखूड झाली.

पुढच्या वर्षी गावच्या समितीची बैठक जिममध्येच भरली. युद्ध संपल्यावर शाळेत आणि गावात व्यायामाचे, आरोग्याचे, खेळाचे काय करायचे, हे ठरवायचे होते. समितीचे प्रमुख म्हणाले, "युद्ध संपलं की रोजचा तास बंद करता येईल. मग एवढी गरज उरणार नाही."

मिस प्रेंटिस उठल्या. त्यांनी मला फळीवरून उचलले आणि सरळ प्रमुखांच्या हातात दिले.

"हा जरा छातीशी धरा," त्या म्हणाल्या. "आता मला परत द्या. पुन्हा घ्या."

असे पाच-सहा वेळा झाले. त्या गृहस्थांना धाप लागली.

"तुमचं वय काय?"

"अठ्ठावन्न."

"तुम्हाला कुणी युद्धावर पाठवणार आहे का?"

"नाही."

"मग तुम्हाला धाप का लागावी? आपण मुलांना युद्धासाठी तयार केलं. आता ती परत येतील. कुणाचा हात गेलेला असेल, कुणाला झोप लागत नसेल. त्यांना काय देणार आपण? त्यांच्या आयांना? तुम्हाला? ही जिम संध्याकाळी सगळ्यांसाठी उघडी ठेवा. एवढंच माझं म्हणणं आहे."

शेवटी हात वर झाले आणि तसे ठरले. मी तेव्हा त्या गृहस्थांच्या मांडीवरच होतो. मला खाली ठेवायचे ते विसरून गेले होते.

वॉल्टर १९४६ साली परत आला. त्याचा डावा खांदा जायबंदी झाला होता. पहिले कित्येक दिवस तो जिमच्या दारापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. एके दिवशी मिस प्रेंटिस दारात जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. तो आत आला. त्याला मला उचलता येईना, म्हणून दोघे जमिनीवर बसले आणि मला एकमेकांकडे ढकलू लागले. त्या हिवाळ्यात मी त्या लाकडी जमिनीवरून किती मैल गेलो असेन कोण जाणे. वसंत ऋतूत त्याने मला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलले. त्याहून वर तो हात पुढे कधीच गेला नाही. पण संध्याकाळचा वर्ग पुढे वॉल्टरच घेऊ लागला. त्याने तो तीस वर्षे घेतला. भट्टीवरचे मजूर यायचे, नर्सेस यायच्या, पोस्टातल्या बायका यायच्या. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. हातांच्या घामाने माझे कातडे मऊ आणि काळपट झाले होते.

मग वॉल्टर थकला. जिममध्ये चकचकीत यंत्रे आली. मला रंगमंचाखालच्या कपाटात ठेवले गेले. पुढे शाळाच दुसरीकडे गेली आणि इमारत गावाचे कम्युनिटी सेंटर झाली. कपाटाचे दार मात्र फारसे कुणी उघडले नाही. माझे कातडे सुकून तडकले. वरून पावलांचे आवाज यायचे, तेवढीच मला सोबत.

गेली काही वर्षे दर रविवारी वरून मराठी ऐकू येऊ लागली. मराठी मंडळाची शाळा तिथे भरत होती. "ळ म्हणा, ल नाही," असे कुणीतरी दर वेळी सांगायचे.

मागच्या वसंतात सेंटरने साफसफाई काढली. तुटक्या खुर्च्यांबरोबर मलाही एका खोक्यात घालून दाराशी ठेवले. सोमवारी कचऱ्याची गाडी येणार होती.

त्याच दाराशी एक वृद्ध गृहस्थ खुर्चीवर बसले होते. शशिकांतकाका. नागपूरच्या एका शाळेत ते चौतीस वर्षे पीटीचे सर होते. आता आयसेलिनला मुलीकडे आले होते. आल्यावर दोन महिन्यांतच त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. त्यांची मुलगी मृणालिनी आयटीत नोकरी करायची. नात रुही दहा वर्षांची. रविवारी रुही मराठी शाळेत असायची तेवढा वेळ काका दाराशी भिंतीकडे बघत बसायचे.

त्यांची नजर खोक्यात गेली. "मेडिसिन बॉल," ते हळूच म्हणाले. मग वाकून त्यांनी उजव्या हाताने मला ओढले. मी निसटलो आणि गडगडत खुर्च्यांखाली गेलो. काकांचा तोल गेला. लोक धावले.

"बाबा, प्लीज," मृणालिनी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "घरी थेरपिस्टने दिलेले एक्सरसाइज तुम्ही स्किप करता, आणि इथे हे कशाला? पडला असतात म्हणजे?"

"ते मोबाइलमधले एक्सरसाइज मला नाही जमत," काका म्हणाले. "समोर कोणी नसतं."

मृणालिनी त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिने फोनवर थेरपिस्टला विचारले. खुर्चीत बसून पायांजवळ चेंडू ढकलायला हरकत नव्हती, पण कुणीतरी जवळ हवे.

खुर्च्यांखालून मला रुहीने काढले. "आजोबा, इट्स सो हेवी. व्हाय डझन्ट इट बाउन्स?"

"उसळायचं त्याचं काम नाही बेटा. तू तिकडे बस. पाय पसर. आता माझ्याकडे ढकल."

ती बसली. मी गेलो, आणि खुर्चीतून वाकलेल्या काकांच्या खाली लोंबणाऱ्या डाव्या हाताला लागून थांबलो. बोटे हलली नाहीत. त्यांनी उजव्या हाताने तो हात उचलला, माझ्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी मला परत पाठवले.

"एक," काका म्हणाले.

"वन," रुही म्हणाली.

"एक म्हण. मैदानावर मोजतो तसं, मोठ्यानं."

"एक!"

त्या दिवशी मोजणी अकरापर्यंत गेली. निघताना रुहीने मला खोक्यात परत जाऊ दिले नाही. मराठी शाळेच्या पुस्तकांच्या कपाटात तिने माझी जागा केली.

पुढच्या रविवारी ती दोघे पुन्हा बसली, त्याच्या पुढच्या रविवारीही. मुलांना सोडायला आलेले आजी-आजोबा आधी नुसते बघत, मग एकेक जण खुर्ची ओढून घेऊ लागला. जूनपर्यंत आठ जणांचे वर्तुळ झाले. काकांचा आवाज चढू लागला. "अरुणराव, पाठ सरळ. गप्पा नंतर." माझा एक टाका उसवला तेव्हा वर्तुळातल्या रत्नाकाकूंनी जाड सुईने तो घातला आणि माझ्या कातड्याला खोबरेल तेल चोळले. इतक्या वर्षांनी माझ्यावरून कुणीतरी हात फिरवला होता. तेव्हा मला मिस प्रेंटिस यांची फार आठवण झाली. त्यांनी हे वर्तुळ बघायला हवे होते.

ऑक्टोबरात काका नागपूरला परत गेले. त्यांचा हात पूर्ण बरा झाला नाही. करंगळी अजून वळत नाही. पण शेवटच्या रविवारी त्यांनी डाव्या हाताने रुहीची वेणी धरून तिला रबर लावून दिले. तीनदा ते निसटले. रुही मान न वळवता बसून राहिली.

आता वर्तुळात काकांच्या खुर्चीवर ती बसते आणि मोजते. तिचा ळ अजून कच्चा आहे, पण "चाळीस" म्हणताना ती थांबत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा, एवढे तर मी सांगेनच. पण माझे खरे सांगणे वेगळे आहे. तुमच्याही घरात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलेले असेल. त्यांना व्यायाम करा, फिरायला जा, औषध घ्या असे सगळे सांगतात. तुम्ही सांगू नका. त्यांच्या समोर जाऊन बसा आणि काहीतरी त्यांच्याकडे ढकला. मग परत येईपर्यंत थांबा. वेळ लागेल, पण उठून जाऊ नका.