तुडुमाचं पाणी

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कुंदाबाईंचा नेम ठरलेला. पहाटे गावतलावात अंघोळ, तांब्याभर पाणी पारीखालच्या महादेवाला, आणि मगच तोंडात घास. पाणी तलावाचंच हवं, नळाचं चालत नाही. एकोणतीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. यंदा पौर्णिमेला चार दिवस उरले असताना त्या पारीवर पोचल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला.

पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, त्याच्यावरूनच रस्ता जातो. वळणावर एक छोटा ट्रक आडवा पडला होता. ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, पण गॅरेजांतून गोळा केलेल्या जळक्या ऑइलचे ड्रम पाण्यात जाऊन फुटले होते. घाटाच्या पायऱ्यांना काळी साय चिकटली होती आणि हळूहळू शिंगाड्याच्या वेलांकडे सरकत होती.

उजाडेपर्यंत अर्धं गाव जमलं. धानकापणीचे विळे कमरेलाच होते. तहसिलीत फोन लागला, तिकडून उत्तर आलं की साहेब उद्या येतील.

"उद्यापर्यंत मासोळ्या काय श्वास दाबून बसतीन का?" भोजराज म्हणाला. तलावात जाळं टाकणारं घर त्याचंच.

केशोराव पुढे आले. तलाव त्यांच्या पणजोबांनी बांधलेला, म्हणून तुडूम उघडायचा मान अजून त्यांच्या घराकडे. तुडूम म्हणजे बांधातून शेतात पाणी सोडायची वाट; तिच्या पाण्याखालच्या, तळाकडच्या तोंडात मुसळासारखा लाकडी दट्ट्या बसवलेला असतो. पाण्याला वास आला की दट्ट्या काढायचा, घाण वाहून जाते, हे त्या घरात बाप मुलाला सांगत आला होता.

"काढ रे दट्ट्या," ते म्हणाले. भोजराजने बुडी मारली. बांधाच्या पलीकडे पाणी धो धो पडू लागलं तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

कुंदाबाईंचा मात्र पडला नाही. आता घाण कशी दिसते ते पाहावं म्हणून त्या पार उतरून गेल्या. तुडुमाच्या बाहेरच्या तोंडाशी वाकल्या, बोटं बुडवली, एकमेकांवर घासली. चिकट नाही. नाकाशी नेली. वास नाही. पाण्यात बोटाएवढ्या मासोळ्या उसळत होत्या. त्यांनी तांब्या भरून उजेडात धरला. तळ लख्ख दिसत होता.

म्हणजे नेमाचं पाणी हातात आलं होतं. तलावाचंच होतं. देऊळ वीस पावलांवर. पण पाय तिकडे वळेनात. हे इतकं निर्मळ वाहून राहिलं, तर काळं कुठे गेलं?

तांब्या घेऊन त्या वर चढल्या. पायरीवर पाणी दोन बोटं उतरलं होतं. साय तेवढीच होती, फक्त वेलांच्या अजून जवळ गेली होती.

आणि त्यांना देवघरातली काचेची वाटी आठवली. महिनाभर अखंड दिवा असतो तिच्यात. खाली पाणी, वर बोटभर तेल. तेल कधी खाली जात नाही.

केशोरावांसमोर त्या आवाज चढवून कधी बोलल्या नव्हत्या. आताही चढवला नाही.

"भाऊजी, हे पाहता का जरा?" त्यांनी ओंजळीत काळं तेल घेतलं आणि नेमाच्या त्या तांब्यात सोडलं. तेल वरच तरंगत राहिलं. "आता याच्या बुडाले भोक पाडलं, तर आधी काय जाईन?"

केशोरावांनी तांब्या हातात घेऊन आत पाहिलं.

"चांगलं पानी जाऊन राहिलं," ते म्हणाले. "बसव रे दट्ट्या."

"सकाळपासून मले बेडूक करून ठेवलं गावानं," म्हणत भोजराज पुन्हा बुडाला.

गावची आशा कार्यकर्ती मंजू तेल टिपायला दवाखान्याच्या कापसाचे गठ्ठे घेऊन आली होती. तिने एक फेकला. तो पाणी पिऊन सरळ तळाला गेला. कुंदाबाईंनी कमरेच्या पिशवीतली हातवळली वात काढून टाकली. वात तरंगली, काळी झाली, तरी बुडाली नाही.

"काकी, दोन्ही कापूसच ना?" मंजू वाकून पाहू लागली.

"तुझा धुतलेला असन. माझा कच्चा हाय. बोंडाचं तेल अजून अंगात हाय त्याच्या." आणि मग त्यांनाच नवल वाटलं. "उशीतला सावरीचा कसा वागते, पाहू बरं?"

मंजूने घरून उशी आणून फाडली. सावरीचा कापूस पाण्यावर पिसासारखा पसरला आणि काळं ओढून घेऊ लागला.

मग दारादारातून उशा निघाल्या. जुन्या मच्छरदाण्यांचे लांब लोड शिवले, त्यांत कापूस भरला, दोन्ही टोकांना बांबू बांधले. भोजराजचा डोंगा पाण्यातून एक टोक ओढी, काठावरची माणसं दुसरं. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या, आणि विडी पेटवायची नाही अशी केशोरावांची ताकीद. तेल पिऊन जड झालेला कापूस रिकाम्या ड्रमांत जाई.

"आज रातच्याले सारं गाव हातावर डोकं ठेवून झोपन," कोणीतरी म्हणालं.

चार वाजेपर्यंत वेल वाचले. पाण्यावर फक्त इंद्रधनुषी तवंग उरला, पण पाणी बिघडवायला तेवढाही पुरेसा होता. ते पाणी पिंडीला कसं वाहायचं? कुंदाबाई पायरीवर बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीही नव्हतं.

"काकी, बोअरचं न्या ना. देवाले समजते सारं," मंजू म्हणाली.

"देवाले समजते वं. मलेच समजत नाही ना."

ऊन कलताना पारीखालून हाक आली. केशोराव तुडुमाच्या तोंडाशी उभे होते आणि त्यांच्या हातात कुंदाबाईंचा तांब्या होता. राखेचे पांढरे पट्टे त्यांच्या कोपरापर्यंत दिसत होते. उभ्या जन्मात त्यांनी वाटी विसळली नव्हती.

"तीनदा घासला. वास येते का पाहा."

कुंदाबाईंनी खाली उतरून तांब्या हुंगला. वास येत नव्हता.

"भोजराज, बोटभर उचल. एकच तांब्या," केशोरावांनी वर पाहून सांगितलं. धार आली, तांब्या भरला, दट्ट्या बसला.

कुंदाबाई देवळाकडे वळल्या आणि दोन पावलांवर थांबल्या.

"भाऊजी, पर सावरीचा कापूस पानी काऊन पीत नसन?"

"आधी पिंडीवर वाह, चार घास खा," केशोराव हातावरची राख झटकत म्हणाले. "मंग दोघंही विचारू कोनाले तरी."