रुदैनाची पहिली मध्यस्थी

संस्थेचा परदेशी निधी आटला, तेव्हा उभी हयात समाजकार्यात घालवलेल्या रुदैनाने जॉर्डनमधल्या केरक गावच्या बाजारात खोली घेतली आणि 'कुटुंब सल्ला केंद्र' अशी पाटी लावली. लोक हसले. "सल्ला विकत घ्यायला आमच्या आत्या-मावश्या मेल्यात का?" असं शेजारचा खाटीक तोंडावर म्हणाला. रुदैना माशा मारत बसली.

शेवटी उम्म नायेफ, म्हणजे नायेफची आई, आली. तिची सून हैफा माहेरी निघून गेली होती आणि मनधरणीला गेलेले घरचे पुरुष भांडण करून हात हलवत परतले होते.

"पुरुषांना काय कळतंय! तू शिकलेली. सून आणून दे, अख्ख्या केरकमध्ये तुझा डंका वाजवते."

ही बाई खरंच डंका वाजवू शकत होती. तिचा शब्द पडल्याशिवाय गावात लग्न ठरत नसे. केंद्र चालणार की बुडणार, हे तीच ठरवणार होती.

दोघी हैफाच्या माहेरी गेल्या, तेव्हा तिच्या बापाने दोघींसमोर कॉफी ठेवली. रिवाजाप्रमाणे रुदैनाने कपाला हात लावला नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय प्यायची नाही, आणि पाहुण्याची कॉफी निवली तर नाचक्की यजमानाची. बाप आधीच अर्धा नमला होता.

"आधी मुलीशी बोलते," रुदैना म्हणाली.

"तिला काय विचारायचंय? बापाकडे माग!" उम्म नायेफ कुजबुजली.

स्वयंपाकघरात हैफा वांगी कोरत होती.

"नवरा मारतो?"

"नाही. सासूबाईंनी नर्सिंगच्या परीक्षेच्या दिवशी मला खोलीत कोंडलं. हे म्हणाले, आई आहे, चालायचंच." तिने मान वर केली. "कॉफी तशीच ठेवलीत ना? मग बाबा नाही म्हणायचे नाहीत. मला कशाला विचारताय?"

 रुदैनाला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर येऊन, बापाने तोंड उघडायच्या आत तिने कप उचलला आणि रिकामा केला.

"माझं काही मागणं नाही," ती म्हणाली.

उम्म नायेफ ताडकन उठली. "तुझ्या पाटीवर आता कावळासुद्धा बसायचा नाही!" दार आपटून ती गेली. ती बोलते ते करते, हे रुदैनाला पक्कं ठाऊक होतं.

हैफा दारात येऊन उभी राहिली. बाप किटली घेऊन पुढे आला. रुदैनाच्या हातातला कप थरथरत होता. पाहुण्याने कप हलवला म्हणजे पुरे, आता नको, असा रिवाज. बाप मागे सरला.

"नाही हो, मी हलवला नाही," रुदैना म्हणाली. "ओता अजून."