नाव गाळून

“वाघ खाऊन गेला, आता उरलंसुरलं खाले मोबाईलवाला आला,” सोमारी पुटपुटली.

जुबेर तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याला ऐकू जावं, पण त्याच्याशी बोलतेय असं वाटू नये, इतपतच तिचा आवाज होता. तिच्यापुढे जुन्या साडीवर मोहफुलं वाळत होती. फार नव्हती, अर्ध्या टोपलीची. सून बुधरी जिथं मेलेली सापडली तिथून वनखात्याच्या माणसांनी टोपलीही उचलून आणली होती आणि सोमारीनं फुलं टाकली नव्हती. मोह कोणी टाकत नाही.

बुधरीला जाऊन नऊ दिवस झाले होते. अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. खाटेवर तिचा नवरा दसरू. पायरीवर आरोग्याचं काम बघणारी गावची आशाताई दीपिका, मांडीवर फोन घेऊन. आणि कुंपणाला टेकून लच्छू. तो मोहर्लीच्या गेटवर जिप्सी चालवायचा, पर्यटकांना वाघ दाखवायचा. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

“चहा नाई मिळनार,” सोमारी जुबेरला म्हणाली. “दूध फाटलं.”

“राहू द्या, बाई.”

“मी कुठी धरून राह्यली.”

तालुक्याच्या गावी, मूलला, जुबेरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या फळीवर, चार्जरच्या डब्यांमागे, एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असायचा आणि त्यावर ‘पानवठा’ चालायचा. लोक फोनवर जसं इकडचं तिकडचं टाकतात, तसंच इथंही. फक्त हा कुठल्या कंपनीचा नव्हता. सत्तर माणसं त्यावर होती. जगभर लोकांनी आपापल्या घरून चालवलेले असे हजारो पानवठे एकमेकांना जोडलेले होते, त्यांतला हा एक. जुबेर हे सगळं आपलं आपण शिकला होता. कधी न भेटलेल्या माणसांनी त्याला रात्र रात्र जागून चुका दाखवल्या होत्या, आणि त्यांच्याकडूनच त्यानं एक ओळ उचलली होती. ती पानवठ्याच्या दारावरच लिहिलेली होती: इथे कोणाची नोंद ठेवली जात नाही. या ओळीवर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव आहे, असं अमरीन म्हणायची. ती त्याची बायको होती, तिला माहीत असणार.

पानवठ्यावर ‘सावध’ नावाचं एक आपोआप चालणारं खातं होतं. कोणाला वाघ, अस्वल दिसलं की त्यानं सावधला कळवायचं. सावध लिहिणाऱ्याचं नाव गाळून ते सगळ्यांना पाठवायचा. नाव गाळायचं, कारण वाघ पाहणारा माणूस बहुधा जिथं जायला बंदी तिथंच गेलेला असतो.

बुधरीला लिहिता-वाचता येत नव्हतं. दीपिकानं तिला बटण दाबून बोलायला शिकवलं होतं. रोज सकाळी ती काहीबाही बोलून टाकायची. मागं कोंबड्या, सासूचा खोकला, कधी एखादी शिवी. फिनलंडातली एक बाई हे रोज ऐकायची. तिला शब्द कळत नव्हता, पण कोंबडीला काय झालं, असं विचारायची. बुधरी गेल्यावर परक्या भाषांतून चाळीसेक निरोप आले. दसरूनं ते दीपिकाकडून दोनदा वाचून घेतले.

“तं सांगा,” दसरू म्हणाला. तो नववीपर्यंत शिकलेला. गावातले अर्ज तोच लिहून द्यायचा, त्यामुळे चारचौघांत त्याला बोलता यायचं. “मोहाचे दिवस. आदल्या राती सावधवर येते का उंबरनाल्यावर वाघ हाये, कोनी जाऊ नका. लिहून येते. बाया वाचतेत, सकारी सगळ्या टेकडीकडं जातेत. माही बुधरी अडानी. तिले काय समजते? ते गेली एकटी नाल्यावर.”

दसरूनं खाटेवर मांडी बदलली.

“ज्यानं वाघ पाह्यला त्याले दारावर येऊन सांगता येत नव्हतं? दोन शब्द बोलून टाकता येत नव्हते? त्यानं लिहलं आन् झोपला. माह्या हिशेबानं तिले वाघानं नाई, त्यानं मारलं.”

मग त्यानं लच्छूकडे पाहिलं. त्याच्यामागोमाग सगळ्यांनी पाहिलं.

“त्या दिवशी सांजच्याला नाल्यावरून गाडी कोनाची गेली?”

“माही गेली,” लच्छू म्हणाला. “रोजच जाते. मले वाघ दिसला नाई, मी काई लिहलं नाई. किती खेपा सांगू?”

“वाघ दाखवून पोट भरतेस आन् तुलेच दिसला नाई.”

एक म्हातारा हसला आणि लगेच थांबला. लच्छूच्या बायकोला चार दिवसांपासून हातपंपावर उभं राहू दिलं नव्हतं. ती पाण्यासाठी नाल्यापर्यंत जात होती, त्याच नाल्यापर्यंत. आज जुबेरला बोलावलं होतं ते एवढ्याचसाठी. नाव निघालं नाही, तर पाणी बंद ते बंदच राहणार होतं.

“मी तं यायले दुकानात जाऊन इचारलं,” दसरू सगळ्यांना म्हणाला. “म्हनते, नोंदच राहत नाई. हो का नाई, जुबेरभाऊ? सांगा यायले तुमच्या तोंडानं.”

जुबेरनं चप्पल काढून पुन्हा पायात घातली.

“राहत नाई,” तो म्हणाला. “पन मागच्या महिन्यात सावध एकच गोष्ट दोन-दोनदा पाठवून राह्यला होता. ते दुरुस्त कराले म्हणून मी नोंद चालू केली. मंग बंद कराची भुललो.”

दीपिकानं मान वर केली. “भाऊ, पाहाचं नाई असं ठरलं हाये आपलं. आज यायच्यासाठी पाह्यलं तं उद्या वनखातं येऊन म्हनन, आमाले बी दाखवा. मंग वाघ दिसला तरी कोन सांगन?”

“मी पाह्यलं, ताई.”

“कधी?”

“चार दिवस झाले.”

“आन् चार दिवस लच्छूची बायको नाल्यावरून पानी आनते,” दीपिका हळूच म्हणाली. तिचा आधीचा मुद्दा आणि हा, दोन्ही खरे होते, आणि त्यांचं काय करायचं ते तिलाही कळत नव्हतं.

दसरू खाटेवरून उठला नाही. फक्त त्याचे दोन्ही हात खाटेच्या दांडीवर आले.

“कोनतं नाव हाये?”

“नाव नाई. कोनत्या फोनवरून आलं, तेवढंच दिसते.” जुबेर मोहफुलांकडे पाहत राहिला. “बुधरीबाईच्या फोनवरून आलं.”

कुंपणाशी लच्छू खाली बसला. कोणी बस म्हटलं नव्हतं, पण तो बसला.

सोमारी साडीवरची फुलं उलटवत राहिली. मग दसरूनं मोठा श्वास सोडला आणि मान हलवली, एखाद्याला माफ करावं तशी.

“मंग तिनंच लिहलं,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाया याले नाई पायजे, नाल्याचा मोह आपल्यालेच भेटला पायजे म्हणून. वाघ तवा नसनच तिथी. लालच, दुसरं काय. जाऊ द्या आता. मेलेल्या मानसाले काय बोलाचं.”

दोन-तीन बायकांनी हो म्हणून माना हलवल्या आणि मग त्या हलायच्या थांबल्या. दीपिका फोनवर बुधरीची जुनी पानं खाली खाली सरकवत होती. सगळीकडे तो लहानसा त्रिकोण होता, दाबला की आवाज येणारा. अक्षर एकही नव्हतं. तिनं फोन पालथा ठेवला. जुबेरला हे चार दिवसांपासून माहीत होतं. म्हातारा विडी शोधू लागला. जो तो अंगणात असं काहीतरी शोधत होता, ज्याच्याकडे पाहता येईल.

सोमारीचा हात फुलांवर थांबला.

“दसरू,” ती म्हणाली. “इतक्यात तं म्हनत होता, ते अडानी होती.”

“माय, तू चूप बस.”

“नऊ दिवस चूपच बसली.” तिनं बोटांना चिकटलेलं फूल साडीवर परत ठेवलं. “लिहलं तुनं. आन् तिले झोपेतून उठवून नाल्यावर बी तुनंच धाडलं. मी जागीच होती.”