पेटीत राहिलेली चार पानं

मी एक जुनी टिनाची पेटी आहे. माझा रंग हिरवा होता, हे आता सांगितल्यावरच खरं वाटेल. आमगावच्या बाजारात एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवलं, झाकणावर दोन गुलाब काढले आणि खाली पांढऱ्या अक्षरांत नाव घातलं, 'देवकाबाई'. मी तिच्या लग्नातली पेटी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं ती बोटाने गिरवायची. जगात तेवढंच एक नाव तिला वाचता येई.

चाळीसेक वर्षं मी तिची लुगडी सांभाळली. मग घरात लोखंडी कपाट आलं आणि माझी रवानगी ओसरीत झाली. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, ते मला फार लागलं.

तेव्हा गावच्या शाळेत नीतू मॅडम चौथीला शिकवत. त्यांची मुलं गुणी होती, पण काही शोधून लिहायला सांगितलं की पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवून आणत. कैलाशच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोज सारसांची जोडी उतरायची. त्याने लिहून आणलं, 'सदर पक्षी पाणथळ प्रदेशात आढळतो.'

"सदर म्हणजे काय रे?" मॅडमनी विचारलं.

"मालूम नाही, मॅडम. पुस्तकात होता."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वर्गाला विचारलं, कोणाच्या घरी झाकणाची मोठी पेटी आहे का? देवकाबाईची नात दुर्गेश्वरी त्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी कोंबडीला हाकलून मला शाळेत आणलं गेलं.

माझं काम सोपं होतं. मुलांनी पुस्तक वाचायचं, माझ्यात टाकायचं, झाकण लावायचं आणि वर बसायचं. बसून, जे समजलं ते शेजाऱ्याला सांगायचं. सांगून झालं की मगच लिहायचं. पुस्तकात नसेल ते माणसाला विचारायचं, आणि कोणी सांगितलं त्याचं नाव लिहायचं. मॅडमचा आणखी एक नियम होता. जे माहीत नाही, ते 'माहीत नाही' असंच लिहायचं, त्यात लाजायचं नाही. पहिले काही दिवस मुलं माझ्यावर बसून नुसती पाय हलवत. मग हळूहळू तोंडं उघडली. माझ्या आत पुस्तकं कोंडलेली आणि वर मुलं मोकळी, असे ते दिवस होते. माझ्या आयुष्यातले तेच सगळ्यात चांगले.

दुर्गेश्वरीने विषय घेतला होता 'आपल्या गावचं जुनं धान'. पुस्तकात लुचई धानाचं नावसुद्धा नव्हतं. म्हणून तिने आजीलाच शाळेत आणलं. देवकाबाई आली, मला पाहिलं, पदराने माझ्या झाकणावरची धूळ पुसली आणि आपल्याच नावावर बसली.

तिने पदरात लुचई आणि हिरानक्की, दोन्ही धानं बांधून आणली होती. मुलांनी तिला डोळे मिटायला लावले आणि एकेक दाणा तिच्या हातावर ठेवला. ती काहीतरी करायची आणि सांगायची, "हे लुचई." "हे हिरानक्की." दहापैकी दहा बरोबर. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान छपरावरून घरघरत गेलं, तरी एकही पोर खिडकीकडे धावलं नाही.

दुर्गेश्वरीने चार पानं लिहिली. आजी दाणा कसा ओळखते ते सगळं त्यात होतं. तिने मोठ्याने वाचलेलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'लुचई वाऱ्यानं लवकर झोपते, म्हणून लोकांनी ती सोडली. आजीनं सोडली नव्हती, पण बांधी वाटणीत गेली.' खाली लिहिलं होतं, 'सांगणार : देवकाबाई, माझी आजी.'

उन्हाळ्यात नीतू मॅडमची बदली झाली. नवे बिसराम गुरुजी वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना शाळेचं नाव व्हायला हवं होतं. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी त्यांनी ती पानं वाचली आणि दुर्गेश्वरीला म्हणाले, "बाई, हे असं घरच्यासारखं लिहिलेलं तिथं कोण घेईल? बापाला मोबाईलवरून काढून आणायला सांग." बापाने छापील कागद आणले. दुर्गेश्वरीने ते पाठ केले. तिची चार पानं माझ्यात गेली, वर जुनी रजिस्टरं आली आणि मला कुलूप लागलं.

तिला दुसरा नंबर मिळाला. शाळेत सत्कार झाला, तेव्हा देवकाबाई नवं लुगडं नेसून पुढे येऊन बसली होती. दुर्गेश्वरीने 'तृणधान्य वर्गातील प्रमुख पीक' इथपासून घडाघडा म्हटलं. टाळ्या पडल्या. देवकाबाई शेवटपर्यंत वाट बघत राहिली. मग तिने नातीला जवळ घेऊन हळूच विचारलं, "माहं काही नाई सांगतलं काऊन?"

"तुहं पेटीत ठेवलं आहे, आजी," पोर म्हणाली. "जपून ठेवलं आहे."

"मंग बरं आहे," म्हातारी म्हणाली. "पेटी माहीच आहे."

माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता. आणि मी तो राखू शकले नाही. माझा तळ केव्हाच गंजला होता. फरशीच्या फटीतून ओल आली, ओलीमागून वाळवी आली. मी कुलपात होते. ओरडायला मला तोंड कुठलं?

थंडीत देवकाबाई गेली. तेराव्यानंतर दुर्गेश्वरी शाळेत आली आणि गुरुजींना म्हणाली, "मले आजीची पानं पायजेत." गुरुजींनी कुलूप काढलं, रजिस्टरं उचलली. खाली माती होती. मातीत कागदाची एक चिंधी, तिच्यावर 'माझी आजी' एवढंच. गुरुजींनी ती चिंधी उचलून दुर्गेश्वरीच्या हातात दिली. मग म्हणाले, "चुकलं माहं, बाई."

तिने झाकण लावलं आणि वर बसली, मॅडमनी शिकवलं होतं तशीच. वर्गातल्या रिंकूला, कैलाशला सांगू लागली. वाऱ्याचं सांगितलं, वाटणीचं सांगितलं. दाणा ओळखण्यापाशी आली आणि थांबली.

"आजी दाताखाली धरे का नखानं सोले?"

"दातानं," रिंकू म्हणाली.

"नाई, नखानं," कैलाश म्हणाला.

मला विचारू नका, मित्रांनो. देवकाबाई माझ्यावर बसली होती. तिचं वजन मला कळलं, हात कुठून दिसणार?

दुर्गेश्वरी रडली. मग वही उघडून तिने लिहिलं, 'रिंकू म्हणते दातानं. कैलाश म्हणतो नखानं. मला माहीत नाही. विचारायला आजी नाही.' गुरुजींनी ते वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही.

मित्रांनो, घरच्या माणसाला काही विचारायचं असेल, तर आजच विचारा. आणि कोणा मुलाने आपल्या शब्दांत लिहिलेलं पान हाती आलं, तर ते माझ्यासारख्या पेटीत टाकू नका, मोठ्याने वाचा, ज्याचं आहे त्याला ऐकू जाईल असं. देवकाबाई समोर बसली होती. तिला फक्त आपलं नाव ऐकायचं होतं.