पिनरमधलं व्हॅलेटा

मिल्काबाईंनी वसंतातल्या पेसाखच्या सणाआधी चहा सोडला होता आणि आता सप्टेंबर उजाडला होता. झिराडकरांच्या लंडनजवळच्या पिनरमधल्या घरात रोज दुपारी चार वाजता बाईंचं डोकं चढायचं, आणि कुणाला तरी चार शब्द सुनावल्याशिवाय ते उतरत नसे.

याला कारण नवस. इमॅन्युएल झिराडकरांच्या हृदयाचं ऑपरेशन चालू असताना बाईंनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नवसाला पावणाऱ्या प्रेषितापुढे हात जोडले होते. एलियाहू हन्नाबी, माझा माणूस वाचव. त्याला जुन्या उघड्या मोटारीतून माल्टाचं व्हॅलेटा शहर दाखवीन, मग मलिदा करीन, तोवर चहाला शिवणार नाही. बेने इस्रायली घरात नवस सहसा मलिद्यावर भागतो: गोड पोहे, खोबरं, फळं, प्रार्थना, संपलं. मोटार आणि माल्टा त्यात घालायची काही गरज नव्हती. पण झिराडकर तरुणपणी जहाजावर इंजिनियर होते. व्हॅलेटाच्या बंदरात डेकवरून त्यांना तटाखालून जाणारी एक उघडी मोटार दिसली होती. खाली उतरायची परवानगी मिळाली नाही, आणि ही हकिकत बायकोने लग्नापासून ऐकली होती.

झिराडकर वाचले. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. नवस लटकला.

शेवटी झिराडकरांनीच समाजात प्रार्थना चालवणाऱ्या लेव्हीकाकांना फोन लावला.

"नवस शहराचा की विमानाचा?" लेव्हीकाकांनी विचारलं.

"शहराचा."

"मग शहर इकडे आण," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांची मॅच चालू होती.

बाईंनी अट घातली. "चालेल. पण फसवाफसवी नको. तिथे जे आहे ते सगळं दिसलं पाहिजे. आणि साक्ष तुमची."

अडचण तिथेच होती. झिराडकरांनी आयुष्यभर बॉयलर तपासले होते आणि खोट्या आकड्याखाली कधी सही केली नव्हती.

रविवारी शेजारचा नकुल मोटार घेऊन आला. जन्म पिनरचा, धंदा जुनी मोटार लग्नांना भाड्याने द्यायचा. "गाडी जुना आहे, आंटी. हळू बसा."

"गाडी जुनी, आणि मी काय कॉलेजात आहे?" बाई म्हणाल्या आणि हळू बसल्या.

पुढच्या सीटवर नात टालिया फोन घेऊन गाइड झाली. मोटार रेल्वेच्या पुलाखालून निघाली. "लेडीज अँड जेंटलमेन, हे सिटी गेट."

"अहो, वेस मान्य?"

"कमान आहे. मान्य."

हाय स्ट्रीटच्या चढावर टालिया ओरडली, "राइट अहेड, सेंट जॉनचं चर्च! नाना, नाव पण सेम!"

"अगं बाई, हे तर तेच!"

"संत तेच," झिराडकर म्हणाले. "दगड वेगळा. तिथला पिवळा."

"साक्ष द्या."

"संतापुरती दिली."

व्हॅलेटात दुपारी तोफ उडते, म्हणून टालियाने फोनवर तोफ लावली. पबबाहेरचा एक कुत्रा टेबलासकट पळाला. त्याचा मालक शांतपणे उठला आणि विचारू लागला की हार्बर कुठल्या बाजूला आहे. टालियाने हात केला. तो आभार मानून कुत्र्याच्या विरुद्ध दिशेला निघून गेला.

बंदर म्हणजे पिन नदी. नदी म्हणायचं, एरवी उडी मारून ओलांडता येते. मोटार पोचली तेव्हा काठावर पाचसहा माणसं बोटीची वाट पाहत रांगेत उभी होती. इंग्लंडमध्ये रांग दिसली की तिचं कारण विचारायची पद्धत नाही. कुत्र्याचा मालक सगळ्यांत पुढे होता.

"समुद्र कुठाय?" बाईंनी विचारलं.

"हेच पाणी," टालिया म्हणाली.

"गोडं?"

नकुल धावत फिश अँड चिप्सच्या दुकानात गेला आणि मूठभर मिठाच्या पुड्या घेऊन आला. बादलीत पाणी काढून त्या रिकाम्या केल्या. झिराडकरांनी बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकले.

"अटलांटिक."

"अंकल, सॉल्ट आहे ना त्यात!"

"भूमध्य समुद्र याहून खारट असतो."

"द्या हो एक साक्ष," बाई काकुळतीला आल्या. "डोकं फुटतंय माझं."

झिराडकरांनी बायकोच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग नकुलकडे. "पळ. अजून आण."

दुसऱ्या खेपेला त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, डोळे मिटले, बराच वेळ लावला. "भूमध्य," ते म्हणाले. रांगेने टाळ्या वाजवल्या.

बॉनेटवर मलिद्याचं ताट ठेवलं. लेव्हीकाकांनी फोनवरून प्रार्थना म्हटली. रांगेतल्या प्रत्येकाला गोड पोहे मिळाले आणि बोटीवरची सोय उत्तम असल्याचं एकमत झालं. टालियाने थर्मासमधून चहा ओतला. बाईंनी कप हातात घेतला, वाफ हुंगली.

तेवढ्यात नकुलने हँडल फिरवलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा. "आंटी," तो रडकुंडीला आला, "तीन वाजता वेडिंग आहे. ब्राइड वाट बघणार."

मिल्काबाईंचं मन मुळातच हळवं. त्यांनी कप मडगार्डवर ठेवला, स्कार्फ डोक्यावर ओढला आणि हात जोडले. "एलियाहू हन्नाबी, या पोराची गाडी सुरू झाली तर मी—"

धावू नका, असं डॉक्टरांनी बजावलेले झिराडकर धावले. त्यांनी कप उचलला आणि बायकोच्या ओठांना लावला.

"आधी पी."

"अहो, बोलू तरी द्या—"

"पी!"

बाई प्यायल्या. कप रिकामा होईपर्यंत झिराडकरांनी तो तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने बोटीच्या रांगेला खूण केली: या, ढकला.