मी पाण्याची गाठ, साधी!

विश्वात जे जे थोर आहे ते ते गोल आहे: सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि मी. मित्रांनो, मी एक जुनी, लिंबाएवढी पाण्याची पिशवी आहे. मुक्काम एका शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या, मूत्रपिंडावर.

माझा जन्म कधी झाला, हे मलाही ठाऊक नाही. कितीतरी वर्षं मी कुणाच्या अध्यात ना मध्यात नव्हते. मास्तरांचं शिलाई मशीन खडखडायचं आणि मी पडून असायची. मग पोटातल्या गॅसचं निमित्त झालं आणि सोनोग्राफी निघाली. तपासणाऱ्या बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "पाण्याची गाठ आहे, साधी. छान गोल आहे." आयुष्यातलं माझं एकमेव कौतुक! पण मास्तरांनी ऐकलं फक्त 'पाण्याची गाठ'. 'साधी' म्हणेपर्यंत त्यांचे कान बंद झाले होते. रिपोर्ट न वाचताच त्यांनी तो बटणांच्या खणात कोंबला.

शिंप्याला गाठीवर दोनच उपाय माहीत: सोडवा, नाहीतर कापा. मास्तरांनी तिसरा काढला. पाणीच बंद केलं! दोन वेळचा चहा तेवढा चालू ठेवला.

"अहो, घोटभर तरी प्या," बायको म्हणाली.

"शत्रूला रसद पुरवू होय?"

त्यांच्या जिवाला चैन नव्हती. दर तासाला डावी कूस दाबायची, टेपनं कंबर मोजायची, "वाढली वाटतं" म्हणून उसासा टाकायचा. त्या घोरात एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. इकडे मूत्रपिंड, म्हणजे माझे घरमालक, कोरडे पडले. लघवी गडद झाली, जळजळू लागली. मी ओरडून सांगत होते, पण पिशवीचं कोण ऐकतं? दहाव्या दिवशी मास्तर मशीनवरच भोवळ येऊन पडले.

बायकोनं खणातून रिपोर्ट काढला आणि त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

"पाणी कुणी बंद करायला सांगितलं?" डॉक्टर कडाडले.

"गाठ पाण्याची ना, साहेब. म्हटलं, आवक बंद करावी."

"अहो, पाणी प्यायल्यानं ती भरत नाही, तहानेनं सुकत नाही. मूत्रपिंडाचे मात्र हाल होतात. हिची भिंत पातळ, आत नितळ पाणी. पन्नाशीनंतर पुष्कळांना असते."

"मग कापायची कधी?"

"सदऱ्याच्या आत एखादा धागा राहिला, टोचत नाही, दिसत नाही. तुम्ही उसवता?"

"छे! उगीच कापड जातं."

"झालं तर! कुशीत दुखत राहिलं, ताप आला, लघवीतून रक्त गेलं, तर लगेच या. नाहीतर वर्षानं एकदा बघू."

मास्तरांनी तिथंच दोन ग्लास पाणी रिचवलं. माझे घरमालक वाचले. तेव्हा मित्रांनो, गाठ म्हटल्यावर घाबरा हवं तर, पण पुढचा शब्दही ऐका. आम्हां साध्या गाठींना औषध नको, कात्री नको. तपासणीची तारीख तेवढी लक्षात ठेवा आणि आम्हांला विसरा.

मास्तर मात्र अजून अधूनमधून डावी कूस दाबतात. जमलं तर त्यांना एवढं सांगा, मी उजवीकडे आहे.